परसबागेतील खाद्य फुले

घराच्या परसात, कुंपणावर किंवा कुंडीत वाढणारी आणि भाजी, भजी, सरबत, गुलकंद किंवा रंग यांसाठी स्वयंपाकात वापरली जाणारी फुले. फुलकोबीचा गड्डा म्हणजे अविकसित फुलोरा, लवंग म्हणजे वाळवलेली कळी आणि केशर म्हणजे स्त्रीकेसराचे वाळलेले तंतू. तेव्हा फूल खाणे मराठी घराला नवे नाही. हॉटेलात ताटाच्या कडेला पाकळी ठेवण्याची चाल अलीकडची आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात फुले निवडून, चिरून, फोडणीला घालून पोळीभाकरीबरोबर खाल्ली जातात, आणि हे ज्ञान मुख्यतः घरातल्या बायकांनी राखले आहे. या नोंदीत भर आहे तो अशा भाजीच्या फुलांवर.

ओळख : नुसत्या फुलाच्या रंगावरून किंवा आकारावरून खाद्य फूल ओळखू नये. पान, खोड, चीक, वाढण्याची तऱ्हा आणि फुलाखालचा देठ हे सगळे एकत्र पाहावे. लाल भोपळ्याचे फूल आणि शोभेच्या अलामांडा वेलाचे फूल दोन्ही पिवळी, मोठी आणि कर्ण्याच्या आकाराची असतात. भोपळ्याचा वेल जमिनीवर पसरतो, त्याला तणावे असतात, पाने रुंद व खरखरीत असतात. अलामांडाची पाने गुळगुळीत, चकचकीत असतात आणि डहाळी मोडली की पांढरा चीक येतो. ते झाड विषारी आहे. दुधी भोपळ्याचे आणि धोतऱ्याचे फूल दोन्ही पांढरी, दोन्ही संध्याकाळी उमलतात. दुधीच्या पाच पाकळ्या सुट्या, पातळ आणि चुरगळल्यासारख्या दिसतात, तर धोतऱ्याचे फूल अखंड नरसाळ्याचे असते आणि त्याचे झाड उभे वाढते, वेल होत नाही. वाटाण्याचे फूल खाता येते. त्याच्याच घाटाचे, सुगंधी, बागेत लावतात ते स्वीट पी मात्र विषारी आहे.

पांढरा चीक दिसला की थांबावे, हा परसबागेपुरता चांगला नियम आहे. कण्हेर, पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी, रुई, अलामांडा हे सारे या नियमात अडकतात. पण तो पुरेसा नाही. धोतऱ्याला आणि कळलावीला असा चीक नसतो, तरी दोन्ही घातक आहेत. मुंग्या, मधमाश्या किंवा पाखरे फुलावर येतात म्हणून ते माणसाला चालते, ही समजूत निखालस चुकीची आहे.

केळफूल : केळीचा संपूर्ण फुलोरा. घडातील शेवटची फणी धरली की खाली लोंबणारा जांभळट कोका कापून घेतात. त्यामुळे घडाचे नुकसान होत नाही. सगळ्या फुलभाज्यांत निवडायला हीच सर्वांत वेळखाऊ, आणि चवीलाही हीच सर्वांत भारी. हाताला व विळीला आधी तेल लावावे, कारण चिकाचे डाग काळे पडतात आणि सहजी जात नाहीत. वरची जाड जांभळी आवरणे एकेक उलगडत जावे. प्रत्येकाखाली फिकट पिवळसर फुलांची ओळ असते. त्या प्रत्येक फुलातून दोन गोष्टी काढाव्या लागतात : टोकाला गाठ असलेली ताठ काडी आणि बुडाशी असलेला पारदर्शक खवला. दोन्ही शिजत नाहीत व दाताखाली येतात. आत जाता जाता फुले इतकी कोवळी होतात की निवडण्याची गरज उरत नाही. पांढरा गाभा तसाच चिरावा. चिरलेले लगेच ताक घातलेल्या पाण्यात टाकावे. आंबटपणामुळे काळे पडणे मंदावते आणि तुरटपणाही कमी होतो. रात्रभर भिजवून सकाळी घट्ट पिळून घ्यावे. कोकणात भिजवून शिजवलेल्या काळ्या वाटाण्यांबरोबर, इतरत्र हरभऱ्याच्या डाळीबरोबर ही भाजी करतात. फोडणीत हिंग-मोहरी, वर गूळ, चिंच किंवा आमसूल आणि ओले खोबरे. खोबऱ्यात हात आखडला तर भाजी तुरट लागते.

हादगा : लॅटिन नाव सेस्बेनिया ग्रँडिफ्लोरा, याला अगस्ता आणि विदर्भात हेटी असेही म्हणतात. शेंगावर्गीय, झपाट्याने उंच जाणारे, ठिसूळ लाकडाचे झाड. पानमळ्यात वेलाच्या आधारासाठीही लावतात. कळी कोयत्यासारखी वाकडी, फूल पांढरे किंवा लालसर आणि बोटाएवढे लांब असते. हिरवा निदलपुंज आणि आतले पुंकेसर काढून टाकावे, कारण कडूपणा तिथे असतो. उरलेल्या पाकळ्या चिरून कांदा, हिरवी मिरची घालून परतावे आणि बेसन पेरून वाफ आणावी. पाणी घालू नये. फुलाला स्वतःचे पाणी सुटते. कळ्यांची भजीही होतात. किंचित कडू चव शिल्लक राहतेच, आणि ती राहावी.

भोपळा : लाल भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगळी येतात. नर फुलाचा देठ लांब व बारीक असतो, मादी फुलाखाली सुरुवातीपासून इवलासा भोपळा दिसतो. खुडायची ती नर फुले. तीही थोडी वेलावर ठेवावीत, नाहीतर परागण होणार नाही आणि भोपळे धरणार नाहीत. फूल पहाटे उमलते व दुपारच्या आत मिटते, म्हणून सकाळीच खुडावे. आतला पुंकेसर काढून, किडा-मुंगी पाहून, बेसनात थोडे तांदळाचे पीठ, ओवा, हळद, तिखट घालून भिजवलेल्या पिठात बुडवून कडकडीत तेलात तळावे. भोपळा कुळातले फूल वा फळ तीव्र कडू लागले तर लगेच थुंकून टाकावे व उरलेले फेकावे. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्याने जात नाही.

शेवगा : फुले लहान, मलईच्या रंगाची, मंद वासाची, घोसाने येतात. झाडाखाली स्वच्छ कापड अंथरून फांदी हलकेच झटकावी. गळतात तेवढी भाजीला पुष्कळ होतात आणि शेंगांनाही फुले उरतात. मिठाच्या पाण्यातून काढून, कांद्यावर परतून खातात किंवा पिठल्यात घालतात.

गोड पदार्थ आणि रंग : गुलकंदासाठी सुवासिक देशी गुलाबच हवा. पाकळ्या आणि साखर किंवा खडीसाखर समप्रमाणात, काचेच्या कोरड्या बरणीत एकाआड एक थर देऊन, तीन-चार आठवडे उन्हात ठेवतात व मधूनमधून हलवतात. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. लाल अंबाडीचे बोंड म्हणून जे वापरतात तो फुलाचा मांसल निदलपुंज असतो. त्याची चटणी, सरबत आणि पेक्टिनमुळे सहज घट्ट होणारा जॅम करतात. जास्वंदीच्या लाल पाकळ्यांचे सरबत लिंबू पिळताच उजळ लाल होते आणि गोकर्णाचे निळे पाणी जांभळे होते, कारण दोन्हींतील अँथोसायनिन रंगद्रव्ये आम्लात रंग बदलतात. गोकर्णाच्या बिया व मुळ्या रेचक आहेत. फक्त फूल घ्यावे. नॅस्टर्शियमचे फूल कच्चेच खातात, त्याला मोहरीचा झणका असतो. झेंडूच्या पाकळ्या खाता येतात, पण त्यांचे बूड कडू असते आणि चव म्हणून त्यांत फारसे काही नाही.

सावधगिरी : फुलबाजारातली, हाराची किंवा देवाला वाहिलेली फुले कधीही खाऊ नयेत. पॉलिहाऊसमधील गुलाब खाण्यासाठी पिकवलेले नसतात आणि त्यांच्यावर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात. वरवर धुतल्याने सगळे औषध जात नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाचा पहिला बहर सोडून द्यावा. रस्त्याकडेची, धूर-धूळ बसलेली फुलेही टाळावीत. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी केसर काढूनच फूल खावे, आणि झेंडू-शेवंतीच्या कुळाबाबत विशेष जपावे. पहिल्यांदा खाताना एकाच जातीचे, तेही थोडेच खावे.

कण्हेर आणि बिट्टी यांतील ग्लायकोसाइडे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. धोतऱ्यातील ॲट्रोपीन व स्कोपोलामीन भ्रम निर्माण करतात. कळलावीत कोल्चिसीन असते. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे मिळतात, म्हणून तिची फुले घरी चावून खाणे धोक्याचेच आहे. ही झाडे ज्या अंगणात आहेत तिथे लहान मुलांना ती नावानिशी दाखवून ठेवावीत. चुकीचे फूल पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता आणि घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे, आणि त्या झाडाची पानाफुलांसकट डहाळी डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावी.