पालगड आणि अंमळनेर

साने गुरुजींचे नाव काढताच आमच्या वर्गातील खानदेशी मुलांच्या डोळ्यांपुढेही कोकणच उभे राहते. ‘श्यामची आई’चा हा प्रताप. परंतु दापोलीजवळच्या पालगडात १८९९ साली जन्मलेल्या गुरुजींनी कर्मभूमी म्हणून निवडले ते कापसाचे, गिरणीचे अंमळनेर. १९२४ साली ते येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढू लागले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तरी अंमळनेर सुटले नाही. पुढे येथल्या गिरणी कामगारांच्या बाजूनेही ते उभे राहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने टिपून घेतली ती त्यांनीच.

आणि पालगड? ते कागदावर उतरले फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या चार-पाच दिवसांत. आई तर १९१७ सालीच गेली होती. परतण्याजोगे गाव उरले नव्हते, म्हणूनच ते इतके उत्कटपणे लिहिता आले, असे आम्हांस वाटते. कोकणातला श्याम आम्ही दरवर्षी शिकवतो. अंमळनेरच्या मास्तरांसाठी मात्र तास उरत नाही. (हा दोष आमचाच.)