डोंगरीचं कापड, सुपेल्याचं माप

आजचा विषय माझ्या अंगावरच आहे. हा डेनिमचा स्कर्ट मी घरी शिवलाय, आणि त्याच्यामागे बराच इतिहास आहे.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. डोंगरीच्या बाजारात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड १७व्या शतकापासून इंग्रजांच्या कागदपत्रांत दिसतं. शिडांना, तंबूंना आणि पुढे खलाशांच्या कपड्यांना ते चालायचं. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द तिथूनच आला. डेनिमचं नाव मात्र फ्रान्समधल्या नीम शहरावरून पडलं, असं सांगतात. डंगरीची वीण साधी, डेनिमची तिरकी. उभा धागा निळा, आडवा पांढरा. १८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट मारायचं पेटंट घेतलं आणि मजुरांची पँट जगभर गेली.

कापडाचं झालं. माझं भांडण मापाशी आहे.

डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. पाय आखूड राहिला, त्यामुळे कंबर डावीकडे झुकते. तयार स्कर्ट कमरेला बसला तर सीटला अडकतो, आणि खालची कड डावीकडे लोंबते. एका दुकानात विक्रेत्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, ‘मॅडम, कपड्यात दोष नाही.’ ते वाक्य बरीच वर्षं डोक्यात राहिलं.

मग दोष कशात? १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यानं सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. पण हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या स्त्रिया. त्यावर बेतलेलं प्रमाण १९५८ मध्ये जाहीर झालं. (पुढच्याच वर्षी आमच्या भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली!) भारतात २५,००० लोकांची मापं घेऊन आपला तक्ता करायची निफ्टची योजना आली ती थेट २०१८ मध्ये. एवढी वर्षं आपण दुसऱ्यांच्या तक्त्यात शिरायचा प्रयत्न करत होतो.

मधे एक गंमत झाली. १९९५च्या सुमारास अरविंद मिल्सनं ‘रफ अँड टफ’ नावानं न शिवलेली जीन्स काढली. पाकिटात डेनिम, झिप, रिवेट आणि लेबल. शिवायची आपल्या टेलरनं. हजारो शिंप्यांमार्फत ती खेडोपाडी पोचली. मला ही कल्पना फार आवडते. कापड कारखान्याचं, माप मात्र घालणाऱ्याचं.

तेच मी केलं. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारातून दोन मीटर डेनिम आणलं. आधी गरम पाण्यात धुतलं, कारण हे कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर सगळी मेहनत वाया. मग आईनं टेप धरला. नेहमीसारखी एकच लांबी न घेता तिनं कमरेपासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. फरक निघाला सव्वा इंच. हे माप आजवर कुठल्याच टेलरनं घेतलं नव्हतं.

आधी जुन्या चादरीचा स्कर्ट कापून, टाके घालून पाहिला. मी डावी बाजू खालून कापायला निघाले होते. आई म्हणाली, ‘अगं, खालून नको, वरून काप.’ बरोबर होतं. वरून, बेल्टच्या बाजूनं कमी केलं की कापडाचा उभा धागा सरळ राहतो आणि सीटवर आडव्या वळ्या पडत नाहीत. टक्सही दोन्हीकडे सारखे नाहीत. डावीकडचा लहान आहे. सुई १६ नंबरची. बेल्टपाशी पदर जाड झाले तिथे मशीन अडलं, तेव्हा बाबांची हातोडी घेऊन शिवण ठोकून चपटी केली आणि मग टीप मारली.

एकदा उसवावा लागला, झिपपाशी. ती जागा अजून जरा फुगते, जवळून पाहिलं तर दिसेल.

आता कॅमेरा थोडा खाली घ्या. ही कड बघा, दोन्ही बाजूंनी जमिनीपासून बरोबर नऊ इंच.