जुनी प्रत जपून ठेवावी
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या महिन्यांत आमच्या वाचनालयांतील सर्व कॉम्प्युटर एकाएकीं मुके झाले. ज्या लहानशा पेटीनें ते एकमेकांस जोडलेले असतात, त्या नेटवर्क स्विचची कार्यप्रणाली बिघडली होती. दुरुस्तीस आलेल्या तरुणानें ती पुन्हां भरली. जातांना तो मला म्हणाला, "सर, नवी प्रणाली घातली आहे, पण जुनी पुसलेली नाहीं. नवी रुसली तर जुनीवर चालवतां येईल." या साध्या वाक्यामागें केवढा इतिहास आहे, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

स्विच ही वस्तु मुळांत टेलिफोनच्या घरची. आरंभीं तिचें काम माणसेंच करीत. फळ्यासमोर बसलेली बाई नंबर विचारून हातानें जोडणी करून देई. १८९१ सालीं अमेरिकेंतील आल्मन स्ट्रोजर या गृहस्थानें स्वयंचलित स्विचचें पेटंट मिळविलें. हा धंद्यानें अंत्यविधींची व्यवस्था करणारा. टेलिफोनवरील बाई आपलीं गिऱ्हाइकें दुसऱ्याकडे वळविते, असा त्याला संशय होता, असें सांगतात. १८९२ मध्यें इंडियाना राज्यांतील ला पोर्ट या गांवीं त्याच्या पद्धतीचें पहिलें केंद्र सुरू झालें. त्या यंत्राची सारी बुद्धि धातूंत होती. एक दांडा अडकला तर एक जोडणी बंद पडे. दूरच्या केंद्रास त्याची वार्ताहि नसे.

१९६५ सालीं न्यू जर्सी राज्यांतील सकासना येथें बेल कंपनीनें निराळ्या प्रकारचें केंद्र उघडलें. तें यंत्राच्या स्मरणांत साठविलेल्या आज्ञावलीवर चाले. आतां यंत्र न बदलतां त्याची बुद्धि बदलतां येऊं लागली. सोय मोठीच झाली. परंतु शंभर केंद्रांना एकच बुद्धि देतां येऊं लागली, तशी एकच चूकहि देतां येऊं लागली. आम्हां शिक्षकांस हें नवीन नाहीं. एकाच वहीवरून सर्व वर्गानें गणित उतरविलें, म्हणजे उत्तर सर्वांचें सारखें येतें; तें बरोबर असेलच असें नाहीं.

१९९० सालीं अमेरिकेंत ए. टी. अँड टी. या कंपनीचें दूर अंतराचें टेलिफोन-जाळें ११४ मोठ्या स्विचांवर उभें होतें. प्रत्येकास अशी शिकवण होती कीं, स्वतःत दोष आढळल्यास 'तूर्त मला कॉल देऊं नका' असें शेजाऱ्यांस कळवावें, चार-सहा सेकंदांत स्वतःस पुन्हां सुरू करावें आणि कामास लागावें. ही विश्रांति अधिक झटपट आटोपावी, म्हणून १९८९ च्या डिसेंबरांत आज्ञावलींत सुधारणा झाली. पूर्वी सावध झालेला स्विच 'मी बरा आहें' असें निराळें कळवी. आतां त्याचा पहिला कॉल येतांच तो बरा झाला असें शेजाऱ्यानें समजावें, असें ठरलें. मात्र नव्या मजकुरांत 'ब्रेक' हा एक शब्द भलत्या ठिकाणीं पडला होता.

सोमवार, १५ जानेवारी १९९० रोजीं दुपारीं अडीचच्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका स्विचांत किरकोळ बिघाड झाला. त्यानें रीतीप्रमाणें विश्रांति घेतली आणि कॉल पाठविण्यास आरंभ केला. शेजारी त्याची नोंद करीत असतां एक-शतांश सेकंदाच्या आंत दुसरा कॉल येऊन आदळला, कीं त्या चुकीमुळें शेजाऱ्याची नोंदवही बिघडे. मग तोहि स्वतःस आजारी समजून विश्रांति घेई, उठे, कॉल पाठवी आणि आपल्या शेजाऱ्यांस निजवी. राखीव यंत्रहि तीच आज्ञावली चालवीत असल्यामुळें त्याच वाटेनें गेलें. तारा शाबूत होत्या, यंत्रें धडधाकट होतीं. तरी सुमारें नऊ तास त्या जाळ्यावरील जवळजवळ निम्मे कॉल वायां गेले.

माझ्या लहानपणीं आपल्याकडे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसावें लागे, आणि निरोप बहुधा आजाराचा किंवा मरणाचा असे. त्यामुळें हा आंकडा वाचतांना, त्या संध्याकाळीं फोनपाशीं ताटकळत बसलेलीं घरें माझ्या डोळ्यांपुढें येतात.

इंजिनियरांनीं स्विचांमधील संदेशांची गर्दी कमी केली, तेव्हां रात्रीं साडेअकराच्या सुमारास जाळें स्थिरावलें. दुसऱ्या दिवशीं नवी आज्ञावली काढून तिच्या जागीं पूर्वीची भरण्यास सुरुवात झाली. ती जपून ठेवलेली होती, म्हणूनच हें शक्य झालें.

हा धडा जगानें पुरता गिरविला असें म्हणवत नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष सुधारणेनें जगभर सुमारें ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले, आणि विमानतळांवर व इस्पितळांत लोक खोळंबले. तेथेंहि एकच मजकूर सर्वांस एकदमच वाटला गेला होता.

सुधारणा करूं नये, असें मी म्हणत नाहीं. न सुधारलेलें यंत्रहि धोक्याचेंच असतें. परंतु नवी प्रणाली आधीं थोड्या ठिकाणीं चालवून पाहावी, आणि मागें फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. आमच्या वाचनालयांत आलेल्या त्या तरुणाला १९९० ची ही हकीकत ठाऊक नव्हती. त्याच्या धंद्यानें मात्र ती ध्यानांत ठेवली होती.