टोकियोतील कोशकार आणि इंग्रजी क्रियापदांची संगत

मराठी विद्यार्थी परीक्षा ‘देतो’. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. मराठीत एखाद्या व्यक्तीशी लग्न होते, म्हणून आपला पदवीधर ‘मॅरीड विथ’ असे लिहितो. इंग्रजीस तेथे ‘टू’ हवे असते. अशा वाक्यांखाली लाल रेघ ओढताना ‘कानाला खटकते’ यापलीकडे कारण आपणांस बहुधा सांगता येत नाही. व्याकरणाच्या नियमांत न मावणारी ही शब्दसंगत अभ्यासविषय कशी झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या अभ्यासाचे महत्त्वाचे केंद्र इंग्लंडमध्ये नव्हे, तर जपानमध्ये होते. हॅरल्ड पामर हे १९२२ मध्ये शिक्षण खात्याचे भाषासल्लागार म्हणून तेथे गेले आणि पुढील वर्षी टोकियोत इंग्रजी अध्यापनविषयक संशोधन संस्था स्थापन झाली. १९३३ मध्ये संस्थेने शब्दसंगतीवरील अहवाल प्रसिद्ध केला. असे शब्दसमूह सुटे भाग जोडून तयार करता येत नाहीत, ते अखंडच शिकावे लागतात, ही त्यातील भूमिका होय. ज्यांना ही संगत घरातच लाभते त्यांना ती नोंदविण्याची निकड फारशी भासत नाही. ती भासली परकीयांना शिकविणाऱ्यांना.

पामर यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी गेटनबी व वेकफील्ड यांच्यासह हेच सूत्र कोशात उतरविले. ‘टेल’नंतर व्यक्ती आणि ‘टू’युक्त क्रियापद येते, ‘सजेस्ट’नंतर मात्र येत नाही. अर्थ जवळचे असूनही रचना भिन्न! हा भेद अर्थ देऊन कळत नाही, म्हणून त्यांनी क्रियापदांचे २५ रचनाप्रकार ठरविले. जपान व ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू असतानाच, १९४२ मध्ये, हा कोश टोकियोत छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने तो पुन्हा प्रसिद्ध केला. आपल्या ग्रंथालयांतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच.

‘कोलोकेशन’ या संज्ञेचे श्रेय मात्र सामान्यतः जे. आर. फर्थ यांना दिले जाते. १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकविलेल्या फर्थ यांनी १९५१ मध्ये तिला सैद्धांतिक प्रतिष्ठा दिली, हे खरे. परंतु पामर यांचा अहवाल त्यापूर्वी १८ वर्षे छापला गेला होता. अध्यापकाचे काम सिद्धांतकाराच्या नावावर जमा व्हावे, हे काहीसे अन्यायाचेच. फर्थ यांच्या विचारपरंपरेतील जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली १९८७ मध्ये ‘कोबिल्ड’ कोश निघाला. त्यात शब्दांची संगत ठरविण्यासाठी संगणकात साठविलेल्या प्रत्यक्ष वापरातील इंग्रजी मजकुराचा आधार घेण्यात आला.