क्रमांकित संदर्भपद्धती

तांत्रिक व वैज्ञानिक लेखनात आधारस्रोताचा निर्देश मजकुरातील क्रमांकाने करण्याची पद्धती. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची बैठक झाली. तीतून आलेले नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध होऊन ‘व्हँकूव्हर शैली’ रूढ झाली. अभियांत्रिकीत ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेची शैली प्रचलित आहे (पहा : शोधनिबंध). प्रथम उल्लेखाच्या क्रमाने अंक चौकटी कंसात वा शिरोभागी देतात. पुनरुल्लेखास तोच अंक राहतो. लेखाअखेरची सूची याच क्रमाने लागते, वर्णानुक्रमाने नव्हे (पहा : ग्रंथसूची). मराठी विश्वकोशातील अनेक नोंदींच्या अखेरीस क्रमांकित संदर्भसूची असते. मजकुरात मात्र सामान्यतः अंक नसतात. क्रमांकित पद्धतीने मजकूर आटोपशीर राहतो व विधानांची पडताळणी सुलभ होते. मात्र मध्येच नवा स्रोत घातल्यास पुढील क्रमांक बदलावे लागतात.