दोन पर्जन्यमापकांच्या मधला पाऊस

१/ २६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, अवघ्या ७३ मिलिमीटरची. मग या दोहोंच्या मधल्या वस्त्यांत किती पडला? पर्जन्यमापके विरळ असली, की नकाशा तेथे केवळ अंदाज करतो.

२/ हा प्रश्न जुना आहे. जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी १८६० साली ब्रिटनमधील १६८ ठिकाणच्या नोंदी संकलित केल्या. शतकाअखेर ही संख्या तीन हजारांपलीकडे गेली. नोंदी ठेवणारे बहुतांश हौशी होते.

३/ २८ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्समध्ये अतिवृष्टीच्या पुराने पाच बळी घेतले. पुढल्याच वर्षी तेथे स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. पाऊस, गारा आणि हिवाळ्यात बर्फही ते मोजतात. त्या बेरजांतून हंगामाचे नकाशे बनतात.

४/ शिस्त साधी: उघडी जागा, सारखे मापक, ठरलेली वेळ. भारतात ती सकाळी ८.३०. कोरड्या दिवशी शून्यही लिहायचे. कारण न लिहिलेला दिवस म्हणजे कोरडा दिवस नव्हे. मग समान पावसाची ठिकाणे जोडली, की समपर्जन्य रेषा उमटते.

५/ मोहने उल्हास नदीच्या काठी वसले आहे. नदी कर्जत, बदलापूर ओलांडून तेथे पोहोचते. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली होती. मोहन्याच्या पुराची पहिली नोंद म्हणूनच मोहन्यात नव्हे, वरच्या अंगाच्या पर्जन्यमापकात होते.