वारा फिरेपर्यंत

मलाक्क्यात मी जिथे उतरलो, त्या जागेला हॉटेल म्हणणे जरा धाडसाचेच होते. रस्त्याकडून पाहावे तर जेमतेम दोन खणांचे घर, आणि पाटी इतकी संकोची की भर पावसात मी दोनदा ती ओलांडून पुढे गेलो. तिसऱ्या खेपेला छातीएवढ्या उंचीचे कोरीव अर्धे दार ढकलून सत्तरीच्या घरातली एक बाई बाहेर आली. तिने माझ्या हातातली ओलीचिंब पिशवी जवळजवळ हिसकावून घेतली आणि म्हणाली, “कुंची, अंकल, कुंची!”

आता कुंची म्हणजे आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्याला बांधायची. अडुसष्टाव्या वर्षी ती मला कोण देणार? बाईने हातावर ठेवली ती खोलीची किल्ली. मग उजेड पडला. संस्कृतातली ‘कुंचिका’ समुद्र ओलांडून मलायी भाषेत ‘कुंची’ होऊन बसली आहे. आणि आपण मात्र पोर्तुगीजांकडून ‘चावी’ उचलली. आपली किल्ली त्यांच्या घरी, परक्यांची आपल्या घरी! त्या अर्ध्या दाराला ‘पिंतू पागार’ म्हणतात असे कळले तेव्हा पुन्हा हसू आले. पगाराशी त्याचा काही संबंध नाही. मलायीत पागार म्हणजे कुंपण. आणि बाईचा बारा-तेरा वर्षांचा नातू तिला ‘मामा’ म्हणून हाक मारीत होता. या लोकांत आजीला मामा म्हणतात.

दोन रात्रींच्या बोलीने गेलो होतो. नऊ रात्री राहिलो.

मी रेवदंड्याचा. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पोर्तुगीजांचा धडा आला की आमच्या मुलांना पुस्तक उघडावे लागत नसे, कारण गावच त्यांच्या पडक्या तटाच्या आत वसलेले. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला, अलीकडे चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या. पुतण्या क्वालालंपूरला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो. तिथून मलाक्का बसने दोन-अडीच तासांवर, म्हणून एकटाच निघालो. बरोबर पिशवीत वडिलार्जित घराच्या विक्रीचे कागद होते. धाकट्या भावाने सहीसाठी धाडलेले. प्रवासात निवांतपणे वाचू म्हणून घेतले आणि न वाचताच ठेवले होते. ते पावसात भिजले. बाईने ते मला न विचारताच पिशवीतून काढले आणि आतल्या चौकात दोरीवर चिमटे लावून वाळत घातले.

या चौकाने मला पहिल्याच दिवशी जिंकले. मलाक्क्याची ही जुनी घरे समोरून अरुंद आणि आत बोगद्यासारखी लांबच लांब. डचांच्या काळी घराच्या दर्शनी रुंदीवर कर होता म्हणून ती अशी झाली, असे तिथे जो तो सांगतो. एवढ्या लांब घरात उजेड आणि वारा यावा म्हणून मध्ये आभाळाला उघडा चौक सोडतात. पाऊस सरळ घरात, दगडी फरशीवर पडतो. आपल्या वाड्यात दुसरे काय असते? पुढच्या दालनात पूर्वजांचे देव्हारावजा टेबल. त्यावर काळसर झालेल्या तसबिरी, संत्री, उदबत्त्या. पाहुण्यांनी त्या दालनातून चपला वाजवत जायचे नाही, एवढाच एक नियम. बाकी सात खोल्या भाड्याने. सून स्वयंपाक बघे, नातू संध्याकाळी हिशेब लिही, आणि बाई दिवसभर सगळ्यांवर ओरडत असे, पाहुणे धरून.

ही माणसे बाबा-न्योन्या. चीनहून आलेले व्यापारी आणि इथल्या बायका यांची ही संतती. पुरुष तो बाबा, बाई ती न्योन्या. देव चिनी, बोली मलायी वळणाची, अंगात केबाया आणि सारोंग, आणि जेवणात चिंच, नारळाचे दूध, मिरची असे सगळे. मलाक्क्याच्या सुलतानाला चिनी राजकन्या दिली आणि तिच्या परिवारापासून हा वंश झाला, अशी कथा तिथे मोठ्या आवडीने सांगतात. चीनच्या दरबारी इतिहासात त्या राजकन्येचा पत्ता नाही. पण कथा सांगणाऱ्या बाईला हे सांगण्याचा धीर इतिहासाच्या मास्तरालाही झाला नाही.

या गावाचे मूळ मात्र आपल्या ओळखीच्या झाडाखाली सापडते. साधारण १४०० च्या सुमारास परमेश्वर नावाचा एक परागंदा राजपुत्र या नदीच्या मुखाशी येऊन टेकला. त्याच्या शिकारी कुत्र्याला एका एवढ्याशा पिसोरीने लाथ मारून पाण्यात पाडले. जिथे हरणेही इतकी धीट, तिथेच राहावे, असे त्याच्या मनाने घेतले. ज्या झाडाखाली तो बसला होता, त्याचेच नाव गावाला दिले, अशी दंतकथा. ते झाड मेलाका, म्हणजे आपला आवळा, संस्कृत आमलक. कार्तिकात आपण आवळीभोजनाला बसतो, ते ज्याच्या सावलीत, त्या झाडाच्या नावाचे हे शहर.

पण आवळ्याने शहर मोठे होत नाही. मलाक्क्याला मोठे केले वाऱ्याने. मलायी लोक अरबस्तान, इराण, हिंदुस्थान या सगळ्यांना ‘वाऱ्यावरचे देश’ म्हणत आणि स्वतःच्या मुलुखाला ‘वाऱ्याखालचा’. आपल्याकडची गलबते एका मोसमाच्या वाऱ्याने तिथे जात. चीनची जहाजे दुसऱ्या मोसमाच्या वाऱ्याने येत. दोन्ही वारे जिथे थकून खाली बसतात, नेमकी तिथे ही सामुद्रधुनी. माल विकला तरी लगेच परत फिरता येत नसे. वारा फिरेपर्यंत थांबायचे, आणि वारा काही आठवड्याभरात फिरत नाही. महिनेच्या महिने परक्या गावात काढायचे म्हणजे डोक्यावर छप्पर हवे, मालाला वखार हवी, जेवूखाऊ घालणारे कुणी हवे. एकदा जेवूखाऊ घालणारे आले की लग्न काय फार लांब राहते?

तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज औषधविक्या १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यात होता. तो इथे चौऱ्याऐंशी भाषा बोलल्या जातात असे लिहितो. आकडा त्याने थोडा फुगवला असेल, पण त्याची दुसरी माहिती मला अधिक मोलाची वाटते. मलाक्क्याला चार शाहबंदर असत: एक केवळ गुजराथी व्यापाऱ्यांसाठी, एक दक्षिण हिंदुस्थान, बंगाल, पेगू अशांसाठी, एक जावा आणि भोवतालच्या बेटांसाठी, एक चीनकडच्यांसाठी. जहाज लागले की आपापल्या लोकांना वखार देणे, राहायची जागा देणे, माल वाहायला हत्ती देणे, हे या शाहबंदरांचे काम. म्हणजे उतारूंची सोय लावणे हे त्या शहराचे राज्यकर्तव्यच होते! आणि मलाक्क्यात आलेल्या लोकांची जी लांबलचक यादी पिरेश देतो, तीत एडन, होर्मुझ, गुजरात यांच्याबरोबर गोवा, दाभोळ आणि चौल ही नावे आहेत.

चौल! हे मी पूर्वीही वाचले होते. वर्गात सांगितलेही असेल. पण ज्या घराच्या मागच्या दाराशी एके काळी समुद्र होता, त्या घराच्या माडीवर, पत्र्यावर पाऊस वाजत असता ते आठवणे निराळे. चौलचा कुणी लुगडी-धोतरे विकणारा इथे पाच-सहा महिने अडकून पडला असेल. त्याला कोणी किल्ली दिली असेल? तो परत गेला का?

जे परत गेले नाहीत त्यांचे काय झाले, ते पाहायला दोन गल्ल्या ओलांडल्या की पुरे. तिथे ‘सोनारआळी’ आहे. मलायी नावाचा अर्थ तोच. तीत १७८१ सालचे विनायकाचे देऊळ. त्याला लागून जवळच १७४८ साली पाया घातलेली मशीद, जिचा मिनार चिनी मनोऱ्यासारखा चढत जातो. आणि थोडे पुढे सतराव्या शतकातले चिनी देऊळ. विनायकाचे देऊळ चिट्टी लोकांचे. तामिळ व्यापाऱ्यांचे हे वंशज. घरी मलायी बोलतात, सारोंग नेसतात आणि गणपतीला नारळ वाढवतात. दिवाळी मलाक्क्यात सरकारी सुट्टीची असते. चपला काढून आत गेलो. नऊ हजार मैल दूर आल्यासारखे करून सोडणारे विमानतळ, पासपोर्ट, शिक्के, सगळे क्षणात निरर्थक झाले.

या शेजाराचे फार गोड चित्र मात्र रंगवू नये. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, मलाक्का. सुलतान पळाला. मशिदींचे आणि राजांच्या थडग्यांचे दगड काढून किल्ला उभारला, असे सांगतात. १६४१ साली डच आले; त्यांनी कॅथलिकांच्या उपासनेवर बंदी घातली आणि ही माणसे कित्येक वर्षे चोरून प्रार्थना करीत राहिली. मग इंग्रज, त्यांनी १८०७ पासून किल्ला सुरुंग लावून उडवला. एक वेस तेवढी आज उभी आहे. टेकडीवरच्या पडक्या चर्चमध्ये एक रिकामी कबर आहे: सेंट झेवियरचा देह १५५३ साली काही महिने तिथे होता, पुढे तो गोव्याला नेला. गोव्याच्या लोकांनी हे ठिकाण जरूर पाहावे.

एका संध्याकाळी मी समुद्रकाठच्या पोर्तुगीज वस्तीत जेवायला गेलो. मासे तळणाऱ्या दोघी बायका आपसात क्रिस्तांग बोलत होत्या. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेचारशे वर्षे लोटली आणि ही मोडक्या पोर्तुगीजातून जन्मलेली बोली अजून चुलीपाशी टिकली आहे. मला एक शब्द कळला नाही, पण लय कळली. ती मी लहानपणी रेवदंड्याच्या बाजारात ऐकली होती. कोर्लईच्या ख्रिस्ती कोळणी आमच्याशी मराठीत घासाघीस करीत आणि मान वळवून एकमेकींशी भलतेच काही बोलत. आम्ही पोरे त्याची नक्कल करून हसत असू. पोर्तुगीजांनी चौल १७४० साली सोडले. कोर्लईची ती बोली आजही आहे. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. आयुष्यभर इतिहास शिकवला आणि खाडीपलीकडे जाऊन दोन वाक्ये नीट ऐकून घेतली नाहीत. त्या ताटापुढे बसून मला याची लाज वाटली.

त्या रात्री परत आलो तेव्हा बाई चौकात बसून माझे कागद पाहत होती. अक्षर तिला लागत नव्हते, पण शिक्के लागत होते. “घराचे?” तिने विचारले. मी हो म्हटले. “विकायचे?” मी पुन्हा हो म्हटले, जरा हळू.

मग तिने आपली कहाणी सांगितली. हे घर तिच्या नवऱ्याच्या आजोबांचे. मालकी पाच भावंडांची, दोघे परदेशी. १९६६ सालच्या कायद्याने जुन्या घरांची भाडी गोठवली होती. तो कायदा रद्द झाला आणि २००० साल उजाडताच गल्लीतली जुनी बिऱ्हाडे भराभर उठली. शेजारची दोन घरे रिकामी होऊन तिथे पाकोळ्या शिरल्या, म्हणजे शिरवल्या. घरट्यांना चीनमध्ये सोन्याचा भाव येतो म्हणून ध्वनिफितीवर किलबिल लावून पाखरांना बोलावतात. २००८ साली युनेस्कोने शहराला जागतिक वारशात घेतले आणि घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या. मागचा समुद्र तर त्याआधीच भराव घालून लांब नेला होता. भावंडे विकू या म्हणाली. ही म्हणाली, पूर्वजांचे टेबल कुठे नेऊ? सात खोल्या भाड्याने लावल्या, दरवर्षी पाची जणांना हिस्सा पोचवते, म्हणून ती गप्प आहेत.

“आणि हा?” मी नातवाकडे बोट केले. तो भिंतीला टेकून झोपला होता.

“त्याला सिंगापूरला जायचे आहे,” बाई म्हणाली. “जाऊ दे. मी आहे तोवर खोल्या आहेत.”

निघायच्या सकाळी तिने कागद आणून दिले. त्यांना चक्क इस्त्री केली होती. (मलायीत इस्तेरी म्हणजे बायको, आपली ‘स्त्री’, हे तिला समजावताना आम्ही दोघेही हसलो.) मग तिने रजिस्टर पुढे केले. आल्या दिवशी पावसाच्या गडबडीत पत्ता लिहायचा राहिला होता. मी ‘रेवदंडा’ लिहिले, थांबलो, आणि पुढे ‘चौल’ असे लिहिले.

“हे कुठे आले?”

मी पिरेशची यादी सांगितली. चौलची माणसे पाचशे वर्षांपूर्वी या गावात उतरत, म्हटले. बाईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले आणि विचारले, “मग मधली इतकी वर्षे कुठे होतात?”

नातवाने पिशवी उचलली. मी किल्ली टेबलावर ठेवली. कागद पिशवीत आहेत, कोरे करकरीत. अजून सही केलेली नाही.